न बदलणाऱ्या वेड्याची स्तुती

तालुक्याच्या गावात एक तरी फोटोग्राफर असा असतो, की ज्याला बाकीचे फोटोग्राफर वेडा म्हणतात. त्याच्या गळ्यात 2015 सालचा निकॉन डी7200 असतो. पकडीवरचं रबर फुगून सुटलेलं, ते त्यानंच पुन्हा चिकटवलेलं. मागच्या लग्नसराईत समोरच्या स्टुडिओवाल्यानं सोनी घेतला. एसटी स्टँडजवळच्यानं त्याआधीच कॅननचा मिररलेस आणला. चहाच्या टपरीवर याला विचारणा होते, "काय राव, अजून निकॉनच? बदला की आता!" तो कप खाली ठेवतो आणि म्हणतो, "बघू."

गावाला हा अडाणीपणा वाटतो. मी त्या अडाणीपणाची स्तुती करायला बसलो आहे आणि ती मनापासूनची आहे. खिसा बेताचा असलेल्या माणसानं कॅमेऱ्याची कंपनी बदलावी की नाही, या प्रश्नाची शहाणी उत्तरं बाजारात ढिगानं मिळतात. त्या सगळ्यांपेक्षा या वेड्याचं उत्तर खरं ठरतं. गाव त्याला वेडा म्हणतं, म्हणून मीही त्याला त्याच नावानं हाक मारणार आहे. त्या नावात कमीपणा मात्र कुणी शोधू नये.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि तो दशक संपवताना पढतमूर्खाची लक्षणं वेगळी दिली. चार बुकं शिकलेल्याचीही फसगत होते, हे त्यांना ठाऊक होतं. कॅमेऱ्याच्या बाजारात ती फार सहज होते, कारण तिथे माहितीला तोटा नाही. सेकंदाला किती फ्रेम, किती फोकस पॉइंट, किती मेगापिक्सेल, सगळं तोंडपाठ करता येतं. आपल्याला कोणता फोटो काढायचा आहे, हा एकच आकडा त्या तक्त्यात नसतो. आपल्या वेड्याला तक्ता पाठ नाही. येत्या महिन्यात त्याला किती साखरपुडे, किती बारशी आणि किती लग्नं करायची आहेत, ते मात्र पक्कं ठाऊक असतं.

त्याचा पहिला वेडेपणा असा, की तो विकायचा हिशेब आधी करतो आणि घ्यायचा नंतर. शहाणा माणूस नव्या कॅमेऱ्याची किंमत विचारतो, वेडा जुन्याची. त्यासाठी तो कधी मुंबईला गेला, तर फोर्टमधल्या बोरा बाजारात एक चक्कर मारतो. तिथे जुनी लेन्स विकत घेणारा माणूस काय करतो, ते पाहण्यासारखं असतं. तो दोन्ही झाकणं काढतो, ॲपर्चर पूर्ण उघडतो, मोबाइलचा टॉर्च लावतो आणि लेन्स तिरकी धरून मागच्या बाजूनं उजेड सोडतो. आतल्या काचेच्या कडेला पांढरट, फांद्या फुटलेले बारीक तंतू दिसले, की एकच शब्द येतो: "फंगस." कोकणात, मुंबईत, घाटमाथ्यावर चार महिने ओल सोसलेल्या लेन्सच्या नशिबी तो शब्द येतोच. मग कॅमेऱ्याचं शटर किती वेळा पडलं, हे पाहिलं जातं. डी7200 चं शटर कंपनीनं दीड लाख वेळा चालवून तपासलेलं आहे. लग्नाच्या फोटोग्राफरला तो आकडा गाठायला फार वर्षं लागत नाहीत. शेवटी प्रश्न येतो, "बिल-डबा आहे का?" एवढं झाल्यावर जो भाव सांगितला जातो, तो ऐकून वेडा लेन्सला पुन्हा झाकणं लावतो आणि पिशवीत ठेवतो. ती लेन्स बाजाराला त्या भावाची वाटते. त्याच्यासाठी तिची किंमत ती देत असलेल्या फोटोंइतकी असते, आणि बुरशी कडेला असेल तर फोटोत बहुधा तिचा मागमूसही नसतो.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, बॉडी, दोन लेन्स आणि फ्लॅश मिळून वर्षानुवर्षांत एक लाख रुपये घातले. विकताना निम्मे आले, असं धरू. एवढे येणंही बरंच म्हणायचं. तेवढ्याच पल्ल्याचं सामान दुसऱ्या कंपनीत नवं घ्यायला दीड लाख लागले, तर एक लाख पदरचे गेले. त्या लाखात नवं काय मिळालं? जे फोटो कालपर्यंत निघत होते, ते उद्याही निघतील ही सोय. ते आधीही निघतच होते.

शिवाय बिऱ्हाड हलवताना टेम्पोच्या भाड्यापेक्षा पडद्याचे दांडे आणि नळाच्या तोट्याच जास्त खातात, तसंच इथेही होतं. दुसरी बॅटरी, दुसरा चार्जर. फिल्टरचा व्यास वेगळा, म्हणून नवा फिल्टर. फ्लॅशचा बूट बहुतेक कंपन्यांचा सारखा दिसतो. मधली टाचणी जुळते म्हणून फ्लॅश पडतोसुद्धा, पण तो फक्त मॅन्युअलवर. निकॉनची आयटीटीएल भाषा कॅननच्या ईटीटीएलला कळत नाही, म्हणून अंतर पाहून आपोआप कमी-जास्त होणारा उजेड हवा असेल, तर फ्लॅश नवा आणि ट्रिगरही नवा. कार्डांचंही तेच. साधं एसडी कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण वरच्या वर्गातल्या कॅमेऱ्यांत सीएफएक्स्प्रेस आलं आणि त्यातही सोनीनं ए प्रकार घेतला, निकॉन आणि कॅनननं बी प्रकार. एकाचं कार्ड दुसऱ्यात शिरत नाही. संगणकावर लाइटरूम 6 असेल, तर कॅननच्या 2018 पासूनच्या सीआर3 फाइली त्यात उघडतच नाहीत. त्या एक तर डीएनजीमध्ये बदलून घ्याव्या लागतात, नाही तर दर महिन्याला भाडं भरायचं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं.

आणि जीएसटी. डिजिटल कॅमेऱ्यावरचा कर 1 जानेवारी 2019 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला हे चांगलं झालं. पण ज्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे आणि ज्यानं जीएसटीची नोंदणी केलेली नाही, त्याला भरलेला कर परत मिळण्याची वाट नाही. कॅमेरा विकताना गिऱ्हाईक तो कर मोजत नाही. दर वेळी कंपनी बदलली, की तो नव्यानं भरायचा.

दुसरा वेडेपणा: तो मिलिमीटर मोजतो. हा भाग जरा बारकाईनं पाहायला हवा, कारण पुढच्या सगळ्या भानगडी इथून निघतात. कॅमेऱ्याची लेन्स काढली, की तोंडाशी धातूची एक गोल कडी दिसते. तिला माउंट म्हणतात. या कडीपासून आतल्या सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं आणि त्या अंतराच्या हिशेबानं लेन्स घडवलेली असते. निकॉनच्या 1959 सालच्या एफ माउंटमध्ये हे अंतर 46.5 मिलिमीटर आहे. कॅननच्या 1987 सालच्या ईएफ माउंटमध्ये ते 44 मिलिमीटर आहे. फरक अडीच मिलिमीटरचा. निकॉनची लेन्स कॅननच्या ईएफ बॉडीवर लावायची, तर मध्ये अडीच मिलिमीटरची चकती बसते आणि दूरचा डोंगर फोकसमध्ये येतो, मग ऑटोफोकस नसला तरी चालतं. उलटं करायला गेलात, तर कॅननची लेन्स निकॉनवर अडीच मिलिमीटर पुढे राहते. समोरचा माणूस फोकसमध्ये येतो, डोंगर काही केल्या येत नाही. ते अंतर कमी करायला कडी कापावी लागेल.

मिररलेस कॅमेऱ्यांत आरसा गेला आणि हे अंतर फार कमी झालं. सोनीच्या ई माउंटमध्ये 18 मिलिमीटर, कॅननच्या आरएफमध्ये 20, निकॉनच्या झेडमध्ये 16. म्हणून जुन्या डीएसएलआरच्या लेन्स या तिघांवरही अडॅप्टरनं बसतात. मध्ये हवी तेवढी जागा मोकळी झालेली असते. हे ज्याला कळलं, त्याला एक मोठी गोष्ट कळली: जुनी लेन्स विकण्याची घाई करू नये. बॉडी दर चार वर्षांनी जुनी होते, चांगली काच होत नाही. डेव्हिड डग्लस डंकन हा लाइफ मासिकाचा छायाचित्रकार 1950 साली कोरियाच्या युद्धात गेला, तेव्हा त्याच्याकडे कॅमेरा लायकाचा होता आणि त्यावर लेन्स निकॉनच्या. जपानबाहेर निकॉनचं नाव झालं, त्यात या जोडीचा मोठा वाटा आहे. त्यानं कंपनी बदलली नाही, काच बदलली.

इथे शहाण्या माणसाची एक बाजू खरी आहे, ती मान्य करायला हवी. "मी कंपनी बदलत नाही, निकॉनवरून निकॉनवरच जातोय," असं जो म्हणतो, तोही बदलतच असतो. निकॉननं मिररलेससाठी 2018 मध्ये एफऐवजी झेड माउंट आणला. त्यांचा एफटीझेड अडॅप्टर स्वतःची मोटर असलेल्या लेन्सना ऑटोफोकस देतो. पण ज्या जुन्या एएफ-डी लेन्स बॉडीतल्या मोटरनं फिरतात, त्या तिथे हातानं फिरवाव्या लागतात. आपल्या वेड्याच्या डी7200 मध्ये ती मोटर आहे, त्याची स्वस्तात घेतलेली 50 मिलिमीटर एफ/1.8डी त्यावर चटकन फोकस होते. झेडवर ती होणार नाही. कॅननचं बरं आहे, ईएफच्या लेन्स कंपनीच्याच अडॅप्टरनं आरएफवर ऑटोफोकससकट चालतात. बॅटरीच्या बाबतीत मात्र निकॉनही माणुसकीनं वागलं. डी7200 ची ईएन-ईएल15 जातीची बॅटरी झेड6 मध्येही बसते. तेव्हा निष्ठा कुणावर ठेवायची, हे वेड्यानं ओळखलेलं असतं. कंपनीच्या नावावर त्याची निष्ठा नाही. पैसे देऊन झालेल्या काचांवर आहे, आणि त्या जिथे चालतात तिथे तो जाईल.

कंपनीच्या नावावर निष्ठा का ठेवू नये, हे इतिहासात लिहून ठेवलेलं आहे. कॅनननं 1987 मध्ये ईओएस 650 बरोबर ईएफ माउंट आणला आणि आधीचा एफडी माउंट सोडून दिला. एफडीच्या लेन्स गोळा केलेल्या हजारो फोटोग्राफरांचा संताप झाला. पुढे कॅननचाच निर्णय बरोबर ठरला, पण त्या लेन्सचे पैसे कुणी परत दिले नाहीत. मिनोल्टानं 1985 मध्ये बॉडीतच ऑटोफोकस असलेला 7000 आणून सगळ्यांना मागे टाकलं. 2003 मध्ये ती कोनिकात विलीन झाली आणि 2006 मध्ये कॅमेऱ्याचा धंदाच सोनीकडे गेला. सोनीनं ते माउंट काही वर्षं चालवलं आणि मग बंद केलं. सॅमसंगनं 2010 मध्ये एनएक्स आणला, 2014 चा एनएक्स1 सगळ्यांनी वाखाणला, आणि त्यानंतर थोड्याच काळात सॅमसंग या धंद्यातून निघून गेली. निकॉन 1 ही मालिका 2011 मध्ये आली, 2018 मध्ये संपली. कॅननचा ईएफ-एम 2012 मध्ये आला, 2023 मध्ये संपला. ऑलिंपसनं 2021 पासून कॅमेऱ्यांचा कारभार दुसऱ्या कंपनीच्या हवाली केला. यातली प्रत्येक मालिका बाजारात आली, तेव्हा शहाण्यांनी "हेच पुढचं" असं सांगितलं होतं. त्यावर विश्वास ठेवून बदललेल्यांतल्या अनेकांना पुढे पुन्हा बदलावं लागलं. आपला वेडा तेव्हाही "बघू" म्हणाला होता.

तिसरा वेडेपणा त्याच्या हातात आहे. गोरज मुहूर्ताचं लग्न डोळ्यांपुढे आणा. सूर्य मावळलेला, मांडवात पिवळे दिवे आणि पांढरे एलईडी एकत्र लावलेले, मामा अंतरपाट धरून उभे. शेवटचं मंगलाष्टक संपतं, "शुभमंगल सावधान" होतं, ताशा कडाडतो, अंतरपाट बाजूला होतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात. त्या क्षणी अक्षता हवेत असतात. फोटोग्राफरकडे सेकंद-दोन सेकंद असतात. वधूपक्षाचे काका पुढे सरकले, म्हणून झूम थोडा रुंद करायचा आहे. वेड्याचा डावा हात विचार न करता योग्य दिशेनं फिरतो. निकॉन आणि कॅननच्या झूमची कडी उलट्या दिशांनी फिरते. लेन्स बसवायची दिशाही उलटी आहे. ज्यानं गेल्याच आठवड्यात कंपनी बदलली, तो रुंद करायला जातो आणि जवळ येतो. चौकटीत काकांचा फेटा भरतो. पुढच्या क्षणाला हार घातले जातात, वऱ्हाडी टाळ्या पिटतात आणि तो फोटो पुन्हा कधीही काढता येत नाही. नवा हात तयार व्हायला काही महिने जातात. त्या महिन्यांत कुणाच्या तरी घरचं एकुलतं एक लग्न असतं. सरावाची किंमत गिऱ्हाइकानं का मोजावी? वेड्याला हा प्रश्न पडतो, म्हणून बदलायचंच झालं तर तो चातुर्मासात बदलेल, तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर बदलणार नाही.

चौथा वेडेपणा शहाण्यांना सगळ्यात जास्त खटकतो: तो बॉडीऐवजी उजेडावर पैसे घालतो. याला साधं गणित आहे. डीएसएलआरबरोबर मिळणारी 18-55 ची लेन्स 55 ला एफ/5.6 पर्यंतच उघडते. 50 ची एफ/1.8 लेन्स त्याच्या सुमारे साडेनऊपट उजेड आत घेते. म्हणजे मांडवात जिथे आयएसओ 6400 लावावा लागत होता, तिथे साडेसहाशे-सातशेवर काम भागतं. आता दुसरीकडे बघा. छोट्या एपीएस-सी सेन्सरवरून 36 बाय 24 मिलिमीटरच्या फुल फ्रेमवर गेलं, तर सेन्सरचं क्षेत्रफळ निकॉनच्या हिशेबानं सव्वादोनपट होतं. साडेनऊपट उजेड एका बाजूला, सव्वादोनपट क्षेत्रफळ दुसऱ्या बाजूला, आणि खर्च मात्र पहिल्यापेक्षा दुसऱ्याला कितीतरी पट जास्त. निकॉनची 35 एफ/1.8 आणि कॅननची 50 एफ/1.8 या दोन्ही लेन्स अशा बेताच्या खिशासाठीच बनवलेल्या आहेत. एवढ्या मोठ्या छिद्रावर फोकसची खोली फार थोडी राहते, वराचा डोळा साधला तर कान सुटतो, हे खरं आहे. ते शिकावं लागतं. पण ते शिक्षण फुकट आहे.

मेगापिक्सेलचंही तसंच. डी7200 चा फोटो साधारण 6000 बाय 4000 पिक्सेलचा असतो. इंचाला 300 ठिपके धरले, तर त्याचा 20 इंच बाय 13 इंचांचा प्रिंट स्वच्छ निघतो. घरच्या अल्बममधला फोटो बारा बाय अठराच्या पुढे क्वचित जातो. बाकीचे फोटो व्हॉट्सॲपवर जातात आणि तिथे ते आपोआप लहान होतात. यजमान अल्बम हातात घेतात तेव्हा आजीचा चेहरा ओळखू येतो का, मामा फोटोत आहेत का, हे बघतात. कुठल्या कंपनीच्या कॅमेऱ्यानं काढला, हे आजवर कुठल्या यजमानानं विचारलंय? आणि विचारलंच, तर त्याला हेही सांगता येईल, की निकॉनच्या कितीतरी कॅमेऱ्यांतला सेन्सर सोनीच्या कारखान्यातून येतो.

पाचवा वेडेपणा माणसांचा आहे आणि माझ्या मते तो सगळ्यात मोलाचा आहे. कॅमेऱ्याची कंपनी निवडताना शहाणा माणूस जपानकडे बघतो, वेडा शेजाऱ्याकडे. गावात आणखी तीन निकॉनवाले असतील, तर त्याच्याकडे तीन जादा बॉड्या आहेत, असं तो धरून चालतो. ऐन वरातीत शटर अडकलं, तर रात्री नऊ वाजता कुणाचं तरी दार ठोठावता येतं. 70-200 सारखी जड, महागडी लेन्स चौघांत एकच असली, तरी सगळ्यांचं काम भागतं. हंगाम संपला की ती आळीपाळीनं फिरते. शेजारच्या शहरातला मिस्त्री निकॉन उघडून बसवतो, त्याच्याकडे सुटे भाग पडलेले असतात, त्याचा मोबाइल नंबर पाठ असतो. कंपनी बदलली की ही सगळी माणसं एका दिवसात निरुपयोगी होतात. मग भाड्यानं सामान आणायला जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं, अनामत ठेवावी लागते, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत परत द्यावं लागतं. उसनवारीवर चालणाऱ्या धंद्यात माउंट म्हणजे सोयरीक आहे. पैसे कमी असलेल्यानं ती विचार न करता मोडू नये.

थोरामोठ्यांची साक्ष हवी असेल, तर तीही आहे. ऑंरी कार्तिए-ब्रेसाँनं आयुष्यभर मुख्यतः लायका आणि 50 मिलिमीटरची लेन्स यांवर काम केलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, रोलायफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक हे जड कॅमेरे घेऊन दिल्लीभर फिरल्या. रोलायफ्लेक्सची लेन्स बदलताही येत नाही, आहे त्या जागेवरून मागेपुढे चालावं लागतं. 1948 च्या जानेवारीत गांधीजींच्या अंत्ययात्रेत या दोघांनी काढलेले फोटो आजही पाहिले जातात. हल्लीच्या कुठल्याही कॅमेऱ्यातला ऑटोफोकस त्या दोघांच्याही कॅमेऱ्यांत नव्हता. तेव्हा साधन तोकडं आहे म्हणून फोटो राहिला, असं म्हणण्यापूर्वी जरा थांबावं.

एवढी स्तुती केल्यावर बदलणाऱ्याची खरी बाजूही मांडतो, कारण वेडा ती जाणतो. बदलावं लागतं, असे प्रसंग आहेत. 2020 नंतर कॅनन आणि निकॉननं एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. सुटे भाग हळूहळू दुर्मिळ होणार, मिस्त्री म्हातारे होणार. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला उडता रोहित पक्षी टिपणाऱ्याला किंवा ताडोबात सकाळच्या धुक्यात वाघाच्या डोळ्यावर फोकस हवा असणाऱ्याला आजच्या मिररलेसचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस खरोखर उपयोगाचा आहे. कीर्तनात, शास्त्रीय गाण्याच्या बैठकीत शटरचा खटका खटकतो, तिथे आवाज न करणारा कॅमेरा म्हणजे गायकाचा आदर. मणक्याचं दुखणं जडलेल्या बाईमाणसाला किंवा साठी ओलांडलेल्या गृहस्थाला दोन किलोंऐवजी एक किलो गळ्यात घालणं ही चैन नव्हे, उपचार आहे. व्हिडिओचं काम निम्म्याहून जास्त असेल, तर जुन्या डीएसएलआरवर अडून बसणं परवडत नाही. अशा माणसानं जरूर बदलावं आणि मान वर करून बदलावं. दुसऱ्यानं घेतला म्हणून, नवा आला म्हणून, शून्य टक्के व्याजाचा हप्ता मिळतो म्हणून बदलणं वेगळं. तो हप्ता पाऊस लांबला, मुहूर्त कमी आले, तरी दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून कापला जातोच.

म्हणून बेताच्या खिशाच्या प्रत्येक फोटोग्राफरला माझं कळकळीचं सांगणं आहे. बदलण्याआधी गेल्या हंगामातले हुकलेले फोटो एका कागदावर लिहून काढा. प्रत्येकासमोर कारण लिहा: उजेड कमी पडला, मी उशिरा पोचलो, चुकीच्या जागी उभा होतो, लेन्स पोचली नाही, फोकस चुकला. उजेड कमी पडला असेल, तर एफ/1.8 ची एक लेन्स घ्या, नाहीतर दुसरा फ्लॅश आणि छत्री घ्या. उशीर झाला असेल, तर यजमानांकडून मुहूर्ताची पत्रिका आदल्या रात्रीच मागून घ्या. लेन्स पोचत नसेल, तर तीच लेन्स आपल्याच माउंटची एका दिवसासाठी भाड्यानं आणा. आणि कारण खरोखर बॉडीचंच निघालं, तर ज्या कंपनीकडे जायचं मनात आहे, तिचा कॅमेरा एका साध्या कार्यक्रमासाठी भाड्यानं घ्या, लग्नासाठी नको. त्यानंही तोच निष्कर्ष निघाला, तर जुन्या लेन्स अडॅप्टरनं चालतात का ते बघा, आणि मगच व्यवहार करा.

तोवर पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा, ते रंग बदललं की तव्यावर गरम करून पुन्हा घाला. वाचलेल्या पैशांतून आषाढात वारीबरोबर चार मुक्काम चाला, भाद्रपदात कासच्या पठारावर जा, आपल्या गावच्या जत्रेचे दहा फोटो मोठे छापून ग्रामपंचायतीत लावा. या सगळ्याला नव्या बॉडीच्या निम्मेही पैसे लागत नाहीत, आणि यातला प्रत्येक रुपया फोटोत दिसतो.

कंपनी बदलणं हा फोटोग्राफीतला शेवटचा खर्च आहे. तो शेवटीच करावा.